‘आतून फक्त तुमचाच आवाज येतो, मॅडम’ : नववीच्या एका गणित-शिकवणीचं प्रकरण

माऊ हे तिचं घरातलं नाव. शाळेतलं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. नववी, सेमी इंग्रजी. घर नाशिकच्या सिडकोत. वडील अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, पाळीने. आई घरी ब्लाउज शिवते. आणि आबा, म्हणजे आजोबा, पंचवटीच्या बाजार समितीत एका अडत्याकडे आयुष्यभर दिवाणजी होते. आबा बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून असायचे. या सगळ्यात त्यांचा काही संबंध येईल असं मला सुरुवातीला वाटलं नव्हतं.

मी इंदिरानगरला राहते आणि चौदा वर्षं घरोघर जाऊन गणित शिकवते. जुलैत माऊच्या वडिलांनी बोलावलं तेव्हा त्यांनी नेहमीचं वाक्य ऐकवलं : “हुशार आहे मॅडम, फक्त बेसिक कच्चं आहे.” हे वाक्य प्रत्येक घरात ऐकते. कच्चं म्हणजे नेमकं कुठे, हे कोणी सांगत नाही. मीही विचारलं नाही. आठवड्यातून तीन दिवस, तासभर, महिन्याला २,४०० रुपये ठरले. कॉलेज रोडच्या मोठ्या क्लासला घालू का, असं त्यांच्या मनात होतं, म्हणून मी माझा ठेवणीतला दाखला काढला. १९८४ साली बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने लिहिलं होतं की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा बराच कमी निघाला. ते मी सांगत नाही. पोटाचा प्रश्न आहे.

पहिले सहा आठवडे

पहिले सहा आठवडे मी छान शिकवलं. हे उपरोधाने म्हणत नाही. माझं फळ्यावरचं अक्षर चांगलं आहे, उदाहरणं सोप्याकडून अवघडाकडे जातात, आवाज चढत नाही. माऊच्या वहीत पानामागून पान बरोबर उत्तरं दिसत होती. एका संध्याकाळचा संवाद असा होता. वहीत अर्थातच एक्स असतो, इथे मी क्ष लिहिते. गणित : २(क्ष + ३) = १४.

“कंस सोडवू. दोन आत गेला की?”
“दोन क्ष...”
“अधिक?”
“...सहा?”
“बरोबर. आता हा सहा पलीकडे गेला की काय होईल?”
“वजा?”
“शाब्बास. चौदा वजा सहा?”
“आठ.”
“मग क्ष?”
“चार.”

पाच उत्तरं, पाचही बरोबर. पण हा संवाद पुन्हा वाचला की दिसतं, कंस सोडवायचा हे मी ठरवलं, सहा हलवायचा हे मी ठरवलं, कधी थांबायचं हेही मीच ठरवलं. माऊने केलं काय? दोन त्रिक सहा, आणि चौदातून सहा गेले आठ. ते तिला तिसरीतच येत होतं. तिच्या उत्तरांपुढची प्रश्नचिन्हंही तेव्हा माझ्या लक्षात आली नाहीत. ती वहीकडे कमी आणि माझ्या चेहऱ्याकडे जास्त बघायची. माझ्या भुवया जरा वर गेल्या की “नाही नाही, अधिक” म्हणून मोकळी. मला वाटायचं, पोरगी चटकन सुधारते.

ऑगस्टमध्ये घटक चाचणी झाली. २० पैकी ६.

मी कारणं शोधायला लागले. पेपर अवघड असेल, घाबरली असेल, लक्ष नसेल. वहिनी, म्हणजे माऊची आई, चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “मॅडम, रागावू नका, पण मी शिलाई मशीनवर बसते ना, तेव्हा आतून फक्त तुमचाच आवाज येतो.”

त्या तक्रार करत नव्हत्या, जे ऐकू येत होतं तेच सांगत होत्या. पुढच्या तासाला मी माझा फोन ध्वनिमुद्रणावर लावून पुस्तकाखाली ठेवला. घरी जाऊन ऐकलं. पूर्ण तासात माऊने उच्चारलेलं सर्वांत लांब वाक्य होतं, “मॅडम, मी पाणी पिऊन येऊ का?”

आणखी एक गोष्ट त्यात ऐकू आली. प्रश्न विचारला की मी लगेच स्वतःच पुढचा धागा देत होते. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली अशी मुद्रणं तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभर थांबतात, आणि ती विश्रांती तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलायला लागतात, असं त्यांना आढळलं. हे मी बी.एड.ला पाठ केलं होतं आणि त्यावर गुणही मिळवले होते. माझ्या फोनमध्ये तो सेकंदही भरत नव्हता.

‘बोलत बोलत कर’

गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतर मी पुस्तक बंद ठेवलं. एका कागदावर पाचवी-सहावीच्या पातळीची बारा छोटी गणितं लिहून नेली. माऊला म्हटलं, बोलत बोलत कर, जे मनात येईल ते मोठ्याने. मला स्वतःला तीनच गोष्टी बोलायची परवानगी होती : “हं”, “पुढे?” आणि “हे कसं केलंस?” हे तिन्ही एकाच सुरात, उत्तर चुको वा बरोबर येवो. कारण “कसं केलंस?” हा प्रश्न आपण फक्त चुकल्यावरच विचारतो आणि मुलांना ते पक्कं माहीत असतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माऊने खोडरबर उचललाच. उत्तर बरोबर होतं.

चौथ्या गणिताला ती वैतागली. “चूक की बरोबर ते तरी सांगा ना, मॅडम.” मी “हं” म्हटलं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवणीतला सगळ्यांत अवघड तास तो होता. जीभ दाताखाली धरून बसायचं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

निघालं ते असं.

पाढे वीसपर्यंत खणखणीत. तोंडी बेरीज माझ्यापेक्षा वेगवान. म्हणजे घरचे ज्याला ‘बेसिक’ म्हणत होते ते कच्चं नव्हतंच.

८ + ४ = □ + ५. चौकटीत तिने १२ लिहिले आणि पुढच्या पाचाचं काय करायचं म्हणून शेवटी आणखी एक बरोबरचं चिन्ह काढून १७ लिहिले. गणित शिकवणाऱ्यांच्या जगात हे उदाहरण प्रसिद्ध आहे, मुलं १२ किंवा १७ म्हणतात. माऊने दोन्ही लिहिले. “बरोबर म्हणजे काय?” “म्हणजे... उत्तर येतं.” पहिलीपासून बरोबरच्या चिन्हानंतर तिने फक्त उत्तर आलेलं पाहिलं होतं. दोन्ही बाजू सारख्या, हा अर्थ तिच्या गावीही नव्हता. मग ५क्ष − ३ = २क्ष + ९ हे तिला कसं दिसत असेल? उत्तराच्या जागी पुन्हा एक प्रश्नच.

३क्ष = १२. तिने लिहिलं क्ष = −४. “हे कसं केलंस?” “तीन पलीकडे गेला ना, मॅडम. मग चिन्ह बदललं. बारा भागिले उणे तीन.” ती भागाकार विसरली नव्हती, चिन्हही विसरली नव्हती. नियम काटेकोर पाळला होता. आणि तो नियम कोणाच्या तोंडचा, हे मला फोनमध्ये ऐकू आलं होतं. “पलीकडे गेला की काय होईल?” सहा आठवड्यांत मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.

‘सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम एक्स’ हे शब्दांतलं वाक्य चिन्हांत लिहायचं होतं. तिने लिहिलं ७ − क्ष. इंग्रजीत सात आधी ऐकू येतो, म्हणून आधी लिहिला. मराठीत विचारलं, “क्षमधून सात वजा कर.” तत्क्षणी क्ष − ७. सेमीच्या मुलांची ही चूक आपण बीजगणिताच्या खात्यावर टाकतो. ती भाषेची आहे.

आणि १/२ + १/४ = २/६. वरच्याची वर, खालच्याची खाली.

मला बेनी आठवला. गणितशिक्षणाचे अभ्यासक स्टॅन्ली अर्लवांगर यांनी १९७३ साली एका बारा वर्षांच्या मुलाचं प्रकरण प्रसिद्ध केलं. बेनी हे त्यातलं मुलाचं नाव. स्वतःच्या गतीने पुस्तिका सोडवायच्या, उत्तरतालिकेशी ताडून पुढे जायचं, अशा पद्धतीत तो शिकत होता आणि त्याची प्रगती चांगली मानली जात होती. अर्लवांगर त्याच्याशी बोलायला बसले तेव्हा कळलं की २/१० म्हणजे दशांशात १.२ असं तो मानतो, कारण दोन आणि दहा बारा, आणि मध्ये एक टिंब. ४/११ आणि ११/४ दोन्ही १.५. असे किती तरी नियम त्याने स्वतः रचले होते आणि गणित म्हणजे असल्या नियमांचा खेळ, उत्तरतालिकेत काय असेल ते ओळखायचं, अशी त्याची समजूत होती. माऊची उत्तरतालिका माझ्या भुवयांत होती, एवढाच फरक.

नववीची फी, सहावीचं गणित

सप्टेंबरभर नववीचं पुस्तक जवळपास उघडलं नाही. हे वडिलांच्या लक्षात यायचं ते आलंच. दुसऱ्या पाळीहून येऊन त्यांनी वही चाळली. “मॅडम, नववीची फी देऊन आपण सहावीचं गणित शिकवतोय का?”

प्रश्न रास्त होता. बऱ्याच शिकवण्या इथेच बुडतात आणि त्यात पालकांचा दोष नसतो. त्यांना दिसतात ती फक्त पानं आणि गुण. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे जॉब, म्हणजे मशीनवर कापायचा भाग, साइझमध्ये येत नसेल तर तुम्ही पुढचा जॉब लावता का? ते म्हणाले, “नाही, आधी ऑफसेट बघतो, म्हणजे मशीनला दिलेलं माप.” मग स्वतःच जरा गप्प झाले. “बरं. दिवाळीपर्यंत बघू.”

दिवाळीपूर्वी सत्र परीक्षा होती. म्हणजे माझ्याकडे पाचेक आठवडे होते.

तागडी आणि खतावणी

अपूर्णांकाचा तिढा आबांनी सोडवला, आणि तोही न विचारता. मी माऊला १/२ + १/४ पुन्हा दिलं होतं. ती मोठ्याने बोलत होती, “वन बाय टू प्लस वन बाय फोर...” बाहेरून आवाज आला : “अर्धा आन् पाव पाऊण. त्याला काय पेन लागतो?”

“आबा, हे वन बाय फोर आहे.”

“तेच म्हन्तो मी. पाव.”

माऊने माझ्याकडे पाहिलं. तिच्या लेखी पाव म्हणजे भाजी आणताना म्हणायचा शब्द होता आणि वन बाय फोर म्हणजे गणितातली एकावर एक ठेवलेली दोन माणसं. दोघांची ओळखच झालेली नव्हती. आबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केलेली. आबा अजूनही म्हणतात : पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन. अपूर्णांकांचे पाढेच ते. आपण ते सोडले, आणि सोडण्यात फार चुकलं असंही मी म्हणणार नाही, कारण १/७ साठी पावकीचा उपयोग नाही. पण पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तरी गणिताच्या वहीत यायला काय हरकत होती?

आबांनी मग किलोवर आणलं. पाव किलो किती, अर्धा किलो किती, मिळून किती. ७५० ग्रॅम. वहीत मात्र २/६. मी विचारलं, हे २/६ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? तिने पट्टी काढून सहा भाग केले, दोन रंगवले. आणि गप्प. मला सांगायची इतकी घाई झाली होती की मी अक्षरशः मनात आकडे मोजत बसले. सतरापर्यंत गेले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मी अर्ध्यात आणखी घातलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं? असं कसं?”

तो प्रश्न मी विचारला असता तर तिने माझ्या भुवयांत उत्तर शोधलं असतं.

आबांशी बोलताना आणखी एक अडचण दिसली. ते “एकोणसत्तर” म्हणाले की माऊ विचारायची, “सिक्स्टी नाइन का?” २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम अवघड जातो हे शांतपणे समजावून सांगितलं, पण निम्म्या लोकांनी फक्त विनोद केले. मी तेव्हा विनोद करणाऱ्यांत होते. एकोणसत्तर ऐकून दचकणारी नववीतली मुलगी बघितल्यावर ते विनोद आठवून जरा लाजच वाटली.

बरोबरच्या चिन्हासाठी तागडी काढली. आबांची जुनी तागडी माळ्यावर होती, वजनांसकट. मी घरून शेंगदाण्यांच्या तीन सारख्या पुड्या बांधून नेल्या होत्या, प्रत्येकी ५० ग्रॅम, माऊला न सांगता. एका पारड्यात तीन पुड्या आणि ५० चं वजन, दुसऱ्यात २०० ग्रॅम. काटा मध्ये. “एका पुडीत किती?” तिने ५० चं वजन उचललं, पारडं कलंडलं. “अरेच्चा.” मग दुसरीकडचं २०० चं वजन काढून १०० आणि ५० ठेवलं. काटा मध्ये. दीडशेचे तीन भाग. ३क्ष + ५० = २०० हे तिने नंतर लिहिलं, आधी केलं. मी विचारलं, यात पलीकडे काय गेलं? तिने बराच वेळ पारड्यांकडे पाहिलं. “काहीच नाही. दोन्हीकडून काढलं.” त्या दिवसापासून ‘पलीकडे’ हा शब्द मी टाकला. आजही इतर घरांत तो जिभेवर येतो आणि मी गिळते.

तागडीचं कौतुक करताना तिची मर्यादाही सांगायला हवी. उणे संख्या पारड्यात ठेवता येत नाही. पाच दिवस तागडीवर रमलेली माऊ क्ष − ७ = −२ ला आल्यावर पुन्हा अडकली. इथे मराठी कामाला आली. आपण ऋण संख्या म्हणतो, धन संख्या म्हणतो. ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे पैसा. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले तेच मुळी या शब्दांत. ‘मायनस’ म्हणता म्हणता हा अर्थ आपल्या हातून निसटला आहे. आबांनी खतावणीतली येणं-देणं ही दोन रकान्यांची रीत काढून दिली. पाच रुपयांचं देणं कोणी माफ केलं तर पाच रुपये आल्यासारखेच, म्हणून −(−५) म्हणजे +५, हे तिला दोन मिनिटांत पटलं. ऋण गुणिले ऋण मात्र आबांनाही पटेना. “उधारीला उधारीनं गुनायचं कसं?” मग खतावणी मिटून −२ × २ = −४, −२ × १ = −२, −२ × ० = ०, पुढे? अशी पायरी-पायरीने उतरण केली. माऊने पुढचा आकडा स्वतः सांगितला. आबा नाही म्हणाले ते नाहीच.

सत्र परीक्षेत भाग १ मध्ये, म्हणजे बीजगणितात, ४० पैकी १५. वडिलांचा चेहरा पडला. दोन प्रश्न कोरे होते. “काहीतरी लिहायचं तरी!” मला ते कोरे प्रश्न बघून बरं वाटलं, पण हे त्यांना कसं सांगायचं? ऑगस्टच्या पेपरात एकही जागा कोरी नव्हती. सगळं भरलेलं आणि सगळं माझ्या भुवयांशिवाय लिहिलेलं, म्हणून वाऱ्यावर गेलेलं. आता तिला काय येतं आणि काय येत नाही, हे तिचं तिला कळत होतं. शिकवणी चालू राहिली ती वहिनींमुळे. त्या म्हणाल्या, “आता तिचाही आवाज येतो.”

६१७४

डिसेंबरात नाशिकची थंडी चांगली पडली होती. मला माऊला उत्तर तपासायची सवय लावायची होती, माझ्याकडे न बघता. त्यासाठी मी कापरेकरांचा आकडा निवडला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळामास्तर होते, माऊच्या घरापासून फार लांब नाही. पीएचडी वगैरे काही नाही, शाळेत शिकवत शिकवत संख्यांशी खेळले. त्यांनी १९४९ मध्ये शोधलेली गंमत अशी : सगळे अंक सारखे नसतील अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच राहतं, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

माझा बेत सरळ होता. वजाबाकी बरोबर केली तर ६१७४ येईल, चुकली तर येणार नाही. तपासनीस मी नसेन, आकडा असेल. माऊने ४८७१ घेतले.

८७४१ − १४७८ = ७२६३. ७६३२ − २३६७ = ५२६५. ६५५२ − २५५६ = ४०९६. इथे मी पाहिलं, हातचा चुकला आहे. ३९९६ हवेत. काही बोलले नाही. ६१७४ न आल्यावर तीच शोधेल असा हिशेब. ती पुढे गेली. ९६४० − ०४६९ = ९१७१. ९७११ − ११७९ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४.

“आलं!”

मी तिच्या वहीकडे बघत राहिले. घरी जाऊन करून पाहिलं : बरोबर केलं तर ७२६३, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. तेही सहाच पायऱ्या. चूक करून सहा, न करता सहा. विचार केल्यावर यात नवल काहीच नाही. चुकलेलं उत्तर ही देखील एक चार अंकी संख्याच, आणि तीही फिरून तिथेच येणार. माझा तपासनीस सगळ्यांनाच पास करणारा निघाला.

पुढच्या तासाला मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, तुझ्या सहा ओळींत एक चूक आहे आणि माझ्या योजनेतही एक आहे. माझी ही. तुझी तू शोध. ती म्हणाली, “पण उत्तर तर आलं.” बेनीही हेच म्हणाला असता. तिने सगळ्या वजाबाक्या पुन्हा केल्या, ३९९६ सापडले. मग तिने जे विचारलं त्यासाठी मी काही तयारी केलेली नव्हती : “पुन्हा न करता चुकलेली ओळ कळली असती का?”

आम्ही दोघी उत्तरांकडे बघत बसलो. अंकांच्या बेरजा तिने घातल्या, का कोण जाणे. ७२६३ चे १८. ५२६५ चे १८. ४०९६ चे १९. ९१७१ चे १८. ८५३२ चे १८. ६१७४ चे १८. ती एकोणिसावर बोट ठेवून थांबली. अंकांच्या बेरजेला नऊने भाग गेला तर संख्येलाही जातो, ही कसोटी तिला पाठ होती. “सगळ्यांना नऊने भाग जातो. चुकलेल्याला नाही.”

“का जातो?”

इथे मी सुचवायला काहीही हरकत नव्हती, पण सवय लागली होती. ती चारऐवजी दोन अंकांवर आली, हे तिचं तिलाच सुचलं. ७२ − २७ = ४५. ८३ − ३८ = ४५. ९१ − १९ = ७२. मग म्हणाली, “कुठलेही अंक घेतले तर? क्ष आणि य घेऊ?” जुलैत क्ष दिसला की जिचे खांदे वर जायचे ती स्वतःहून क्ष मागत होती. (१०क्ष + य) − (१०य + क्ष). कंस तिने सोडवला, चिन्हं तिने सांभाळली. ९क्ष − ९य. ९(क्ष − य). “म्हणून!” ती एवढ्या जोरात म्हणाली की आबांनी बाहेरून विचारलं, काय सांडलं?

चार अंकांचं तिने रविवारी एकटीने केलं. ९९९ आणि ९० असे दोन गठ्ठे निघतात, दोन्हींना नऊने भाग जातो. त्या पानावर माझं एकही अक्षर नाही. मी ते पान फोनमध्ये टिपून ठेवलं आहे. माझ्याकडून झालेल्या शिकवणीचा पुरावा म्हणून दाखवायचं तर नेमकं त्यात माझं काही दिसत नाही, ही पंचाईत.

नंतर

वार्षिक परीक्षेत भाग १ ला ४० पैकी २६, भाग २ ला, म्हणजे भूमितीला, १९. कोणी पेढे वाटले नाहीत. कॉलेज रोडचा विषय वडिलांनी अजून सोडलेला नाही, पण जूनमध्ये त्यांनी मला बोलावून सांगितलं, “बीजगणित आता तिचं ती करते. आठवड्यातून एकदाच आलात तरी चालेल.” म्हणजे २,४०० चे ८०० झाले. चौदा वर्षांत या धंद्याचा हा हिशेब मला कधी नीट जमलेला नाही.

तो एक दिवस आम्ही भूमितीला ठेवला आहे. दहावीच्या भाग २ चं पहिलंच प्रकरण समरूपता. गेल्या सोमवारी तिने प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात छेदते) सिद्धता घडाघडा म्हणून दाखवली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी नवा त्रिकोण काढला. शिरोबिंदू वर न ठेवता उजवीकडे ठेवला, समांतर रेषा आडवी न काढता तिरकी काढली, नावं एबीसीच्या जागी पीक्यूआर दिली. माऊने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत बाजू एबी म्हणाली. आकृतीत बी नव्हताच.

मी “हं” म्हटलं.

ती आकृतीकडे बघत राहिली. तास तिथेच संपला. पुढच्या सोमवारी तिथूनच सुरू करायचं आहे.